मुलाच्या कॅन्सरसाठी क्लिनिकल ट्रायल: पालकांनी काय विचारायचं, कधी विचारायचं

मुलाला कॅन्सर असल्याचं कळल्यावर क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे रुग्णांच्या सहभागाने एखादे उपचार शिस्तीत तपासून बघण्याचा, विषय बहुतेक घरांत निघतो तो आजार उलटल्यावर (मागे हटून पुन्हा आल्यावर). "आता दुसरं काही उरलं नाही, तर ट्रायल बघू" अशी समजूत त्यामागे असते. या समजुतीने मुलाचं नुकसान होतं. लहान मुलांच्या कॅन्सरमधल्या कित्येक महत्त्वाच्या ट्रायल नव्याने निदान झालेल्या, अजून एकही डोस न घेतलेल्या मुलांसाठीच असतात. म्हणून हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारायचा. "तुमच्या मुलासाठी सध्या ट्रायल नाही" असं उत्तर आलं तरी काही बिघडत नाही. वेळेवर विचारून झालेलं असतं आणि नेहमीचे उपचार निर्धास्तपणे सुरू करता येतात.

"आमच्या मुलावर प्रयोग नको" ही भीती अगदी साहजिक आहे. फक्त एक लक्षात घ्या, आज ज्याला आपण नेहमीचे उपचार म्हणतो ते बहुतेक आधीच्या ट्रायलमधूनच आलेले आहेत. १९४८ साली अमेरिकन डॉक्टर सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन मुलांमधला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) काही काळ मागे हटवून दाखवला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून (एएलएल) दहापैकी एक मूलही वाचत नव्हतं. आज पूर्ण उपचार मिळतात तिथे दहापैकी नऊच्या आसपास मुलं बरी होतात. मधल्या काळात बरीचशी औषधं तीच राहिली. कोणतं औषध किती, कोणत्या क्रमाने आणि किती महिने द्यायचं, हे एकामागून एक ट्रायलमध्ये तपासत हा आकडा वर गेला.

१. पहिल्या डोसच्या आधी हे तीन प्रश्न विचारा

• या निदानासाठी इथे किंवा दुसऱ्या केंद्रात ट्रायल सुरू आहे का?
• असेल तर नाव कधीपर्यंत नोंदवावं लागतं?
• बायोप्सीचा (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचा) नमुना कसा ठेवणार आहात?

तिसरा प्रश्न जवळपास कुणीच विचारत नाही, आणि मागाहून सर्वांत जास्त अडतं ते तिथेच. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ साधारणपणे फॉर्मॅलिनमध्ये जाते आणि तिचे पॅराफिनचे ब्लॉक बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला आणि अनेक जनुकीय तपासण्यांना तेवढं पुरतं. पण काही तपासण्यांना ताजा किंवा गोठवलेला तुकडाच लागतो. केमो सुरू झाल्यावर तीच गाठ, त्याच अवस्थेत, पुन्हा मिळत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट दोघांनाही सांगा: "थोडा भाग ताजा गोठवून ठेवता येईल का?" ल्युकेमियात पहिल्या बोन मॅरोला हेच महत्त्व आहे. पुढे दहा हजार पेशींत एखादी कॅन्सरची पेशी उरली आहे का, हे एमआरडी तपासणीत शोधतात, तेव्हा पहिल्या दिवशीच्या पेशींच्या ओळखखुणांशी ताडून बघितलं जातं.

इथला मोठा सापळा म्हणजे निदानाआधीच दिलं गेलेलं स्टेरॉइड. गाठी सुजल्या, सांधे दुखले, धाप लागली म्हणून कुणीतरी ते दिलेलं असतं. एएलएलच्या पेशी स्टेरॉइडने मरतात, त्यामुळे रिपोर्ट धूसर येतो, जोखमीचा गट ठरवताना गोंधळ होतो आणि ट्रायलची पात्रताही जाऊ शकते. दिलं गेलं असेल तर औषधाचं नाव, डोस आणि तारखा डॉक्टरांना सांगा. लपवू नका, कुणी रागावेल म्हणून तर मुळीच नाही.

एक अपवाद आहे. पांढऱ्या पेशी प्रचंड वाढल्या असतील, किंवा छातीतली गाठ श्वासनलिकेवर दाब देत असेल, तर काही तासांत उपचार सुरू करावे लागतात. अशा वेळी ट्रायलसाठी थांबायचं नसतं.

२. निदानाचं पूर्ण नाव लिहून घ्या

"ब्लड कॅन्सर" किंवा "मेंदूत गाठ" एवढ्यावर ट्रायल शोधता येत नाही. डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर घ्या: आजाराचा नेमका प्रकार, स्टेज किंवा जोखमीचा गट, पेशींमध्ये सापडलेले जनुकीय बदल, आणि कोणत्या तपासण्यांचे रिपोर्ट अजून यायचे आहेत.

जनुकीय बदलांची ओळ सर्वांत मोलाची. फिलाडेल्फिया क्रोमोसोम असलेल्या एएलएलमध्ये पूर्वी तीन वर्षं आजार न उलटता राहणाऱ्या मुलांचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होतं. केमोसोबत इमॅटिनिब हे नेमकं त्या बदलावर काम करणारं औषध सलग दिल्यावर एका ट्रायलमध्ये ते ८० टक्क्यांपर्यंत गेलं. तसंच एनटीआरके फ्यूजन (एनटीआरके जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं जाणं). हा बदल सापडला तर गाठ शरीरात कुठे आहे याला फारसं महत्त्व राहत नाही, कारण २०१८ साली मान्यता मिळालेलं लॅरोट्रेक्टिनिब थेट त्या बदलावरच काम करतं. न्यूरोब्लास्टोमात (लहान मुलांमधली मज्जापेशींची गाठ) एमवायसीएन या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आहेत का आणि निदानाच्या वेळी मूल १८ महिन्यांच्या वर आहे का, यावर उपचारांची तीव्रता ठरते. मेडुलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीचे मुख्य चार गट आहेत आणि गटागणिक ट्रायल वेगळी असते.

३. ट्रायल कोणत्या टप्प्याची आहे ते समजून घ्या

पहिला टप्पा डोस शोधण्यासाठी असतो. एका डोसवर साधारण तीन ते सहा मुलं, त्रास मर्यादेत राहिला तर पुढच्या मुलांना वरचा डोस. या टप्प्यात मुलाला फायदा होईलच असं कुणी म्हणत असेल तर सावध व्हा. काही मुलांना होतो, पण ट्रायल त्यासाठी आखलेली नसते. दुसऱ्या टप्प्यात ठरलेल्या डोसने आजार कितपत हटतो ते बघतात.

तिसऱ्या टप्प्यात नेहमीच्या उपचारांशी तुलना होते आणि मूल कोणत्या गटात जाईल हे संगणक ठरवतो. डॉक्टरांच्याही हातात ते नसतं. "आमचं नाव नव्या औषधाच्या गटात घाला" अशी विनंती करून उपयोग नाही. दुसऱ्या गटात गेलेल्या मुलाला उपचारांविना ठेवत नाहीत, त्या घडीला माहीत असलेले सर्वोत्तम उपचार त्याला मिळतात. एक उदाहरण घ्या. स्टँडर्ड रिस्क गटातल्या, पण आजार उलटण्याची शक्यता मध्यम किंवा जास्त असलेल्या बी-सेल एएलएलमध्ये केमोला ब्लिनाटुमोमॅबची (शरीराच्याच टी-पेशींना कॅन्सरच्या पेशींवर सोडणारं औषध) जोड दिली, तर तीन वर्षांनी आजारमुक्त असलेल्या मुलांचं प्रमाण ९६ टक्के आलं, नुसत्या केमोच्या गटात ते ८७.९ टक्के होतं. निकाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. फरक इतका स्पष्ट दिसला की मुलांची गटवारी मुदतीआधीच थांबवण्यात आली. ट्रायलवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र समिती असते ती यासाठीच. नुकसान दिसलं तरी तीच थांबवायला सांगते.

प्रत्येक ट्रायल जिंकत नाही, हेही माहीत असू द्या. मेंदूच्या देठात पसरणाऱ्या डीआयपीजी या गाठीत कितीतरी वर्षं केमोची वेगवेगळी औषधं रेडिएशनला जोडून पाहिली गेली आणि आयुष्य फारसं वाढलं नाही. काही ट्रायल तर उपचार कमी करण्यासाठी असतात: रेडिएशन टाळता येईल का, एखादं औषध वगळता येईल का. चांगला प्रतिसाद असलेल्या मुलाला पुढच्या आयुष्यातले दुष्परिणाम कमी व्हावेत, हा त्यांचा हेतू असतो.

४. शोधायचं कसं

सर्वांत मोठी खुली नोंदवही म्हणजे 'क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह'. जागतिक आरोग्य संघटनेचं शोधपोर्टल वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र दाखवतं. आजाराचं इंग्रजी नाव टाका, वयोगटात लहान मुलं निवडा आणि सध्या भरती चालू असलेल्याच ट्रायल दिसतील अशी चाळणी लावा. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवरच्या प्रत्येक नोंदीला 'एनसीटी' आणि पुढे आठ आकडे असा क्रमांक असतो. तो क्रमांक डॉक्टरांकडे न्या. नुसतं "एक नवीन औषध आलंय म्हणे" असं सांगितलं तर संभाषण पुढे जात नाही.

नोंद शेवटची कधी अद्ययावत केली ती तारीख बघा. वर्षभर हात न लागलेल्या नोंदीवर विसंबू नका, केंद्राला फोन किंवा ईमेल करून भरती खरंच चालू आहे का ते विचारा.

आणि हा इशारा मनापासून: नोंदवहीत नाव असणं म्हणजे कुणी तपासून मान्यता दिली असं नाही. नोंद ट्रायल चालवणारेच करतात. चाचणीतल्या औषधासाठीच मोठी रक्कम मागणारे, "स्टेम सेलने हमखास बरा करू" म्हणणारे, नियमित उपचार आधी बंद करा सांगणारे, यांच्यापासून दूर राहा. एथिक्स कमिटीचं (रुग्णांच्या हिताच्या दृष्टीने ट्रायल तपासणारी समिती) मान्यतापत्र मागा. खऱ्या ट्रायलचे लोक ते दाखवायला कुरकुरत नाहीत.

५. पात्रतेचे आकडे

निकष लांबलचक असतात, पण अडतं ते ठरावीक जागी:

• काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या. घन गाठींच्या (रक्ताचा सोडून इतर कॅन्सरच्या) पहिल्या टप्प्यातल्या ट्रायलमध्ये बहुधा न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या वर आणि प्लेटलेट १ लाखाच्या वर लागतात, तेही नुकतं रक्त किंवा प्लेटलेट न चढवता.
• आधीच्या उपचारांपासूनचं अंतर. काउंट पाडणाऱ्या केमोनंतर साधारण ३ आठवडे, लोमुस्टीनसारख्या (काउंट उशिरापर्यंत खाली ठेवणाऱ्या) केमोच्या औषधानंतर ६ आठवडे. हे माहीत नसल्याने "मधल्या काळात काहीतरी चालू ठेवू" म्हणून केमोची एक सायकल (फेरी) दिली जाते आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. आजार उलटल्यावर पुढचं काहीही सुरू करण्याआधी विचारा: "यामुळे कोणत्या ट्रायलची दारं बंद होतील?"
• हृदय, किडनी, लिव्हर. इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्ततपासण्या ठरावीक दिवसांच्या आतल्याच चालतात. जुने रिपोर्ट घेऊन लांबचा प्रवास करण्याआधी मुदत विचारून घ्या.
• दैनंदिन हालचाल. १६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी लॅन्स्की स्कोअर वापरतात. मूल किती खेळतं, किती वेळ अंथरुणात असतं यावर ० ते १०० गुण. हे पालकांच्या सांगण्यावरून ठरतं, म्हणून आहे तसं सांगा.

सोबत न्यायची फाइल: बायोप्सी आणि जनुकीय तपासण्यांचे रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक (पॅथॉलॉजी विभागातून लेखी अर्ज करून मिळतात, पोचपावती घ्या), स्कॅनच्या सीडी (नुसते छापील रिपोर्ट पुरत नाहीत, मोजमाप पुन्हा करतात), प्रत्येक केमोची तारीख, औषध आणि मिलिग्रॅममध्ये डोस, रेडिएशनचा सारांश, उंची-वजनाच्या नोंदी, लसीकरणाचं कार्ड, आणि सध्या चालू असलेलं प्रत्येक औषध. यात काढे, आयुर्वेदिक गोळ्या, होमिओपॅथी, व्हिटॅमिनच्या गोळ्याही आल्या.

६. संमतीपत्र घाईने सही करायचा कागद नाही

संमतीपत्र वीस-तीस पानांचंही असतं. घरी न्यायला मागा, ते तुमच्या हक्कात बसतं. पुढच्या भेटीत एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, असं दोघांनी वाटून घ्या. वाचताना समासात प्रश्न लिहा. निदान एवढे तरी:

• ट्रायल नाकारली तर माझ्या मुलाला नेमके कोणते उपचार मिळतील?
• नेहमीपेक्षा जास्त काय होणार? किती बोन मॅरो, किती स्कॅन, किती वेळा भूल?
• औषधाचा खर्च कोण करणार? जास्तीच्या तपासण्यांचा, प्रवासाचा, मुक्कामाचा?
• ट्रायलमुळे इजा झाली तर उपचारांची जबाबदारी कुणाची?
• औषध लागू पडलं आणि ट्रायल संपली, तर ते पुढे मिळेल का?

शेवटाकडे सहसा वेगळी चौकट असते: नमुने पुढच्या संशोधनासाठी ठेवायचे का. तिथे नाही म्हटलं तरी मूळ ट्रायलमध्ये भाग घेता येतो, पण कुठे कुठे नमुना देणं बंधनकारकही असतं, म्हणून विचारा. आणखी एक चौकट जन्मजात जनुकीय दोष सापडला तर कळवायचं का, याची. ती विचार करून भरा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅन्सर झालेल्या १,१२० मुलांपैकी ८.५ टक्के मुलांमध्ये कॅन्सरची शक्यता वाढवणारे असे जन्मजात बदल सापडले होते. ही माहिती भावंडांच्या आणि तुमच्याही तपासण्यांशी जोडलेली असते.

रक्ताच्या वेळापत्रकाचं पान डॉक्टरांसमोर बसून बघा. नव्या औषधाची पातळी मोजायला पहिल्या डोसनंतर अर्धा तास, एक तास, दोन, चार, आठ आणि चोवीस तासांनी रक्त घेणं, असं काही त्यात असू शकतं. मुलाला दुहेरी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली, दोन नळ्यांची लाइन) असेल तर औषध ज्या नळीतून गेलं त्याच नळीतून हे रक्त घ्यायचं नसतं. नळीत राहिलेल्या औषधाने पातळी खोटी जास्त येते आणि पुन्हा टोचावं लागतं. कोणत्या रंगाची नळी कशासाठी, हे पहिल्याच दिवशी नर्सला विचारून पट्टीवर लिहून घ्या. रात्रपाळीला बदललेल्या नर्सलाही ती पट्टी दिसते.

मुलाची स्वतःची संमती वेगळी घेतली जाते, अनेक ठिकाणी सातव्या वर्षाच्या आसपासपासून. त्याच्याशी आधी घरी बोला. "हे औषध तुझ्यासारख्या मुलांना किती द्यायचं ते डॉक्टर शोधताहेत. रक्त जास्त वेळा काढावं लागेल. काही वेगळं वाटलं तर लगेच सांग, कुणी रागावणार नाही." एवढं पुरतं. "याने तू नक्की बरा होशील" असं वचन देऊ नका. लहान मुलांना वाटत राहतं की आपल्या चुकीमुळे हे झालं, म्हणून "तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही" हे न विचारताच सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. मोठी मुलं स्वतःचे प्रश्न स्वतः विचारू शकतात. त्यांना डॉक्टरांसोबत थोडा वेळ एकटं बसू द्या.

७. ट्रायल सुरू झाल्यावर

मुलासोबत कायम एक कार्ड ठेवा: ट्रायलचा क्रमांक, औषधाचं नाव, चोवीस तास उचलला जाणारा फोन. दुसऱ्या हॉस्पिटलात जावं लागलं तर उपचारांआधी हे कार्ड पुढे करा.

तोंडाने घ्यायचं औषध असेल तर डायरीत वेळ, डोस, उलटी, चुकलेला डोस लिहा. औषध घेतल्यावर उलटी झाली तर स्वतःच्या मनाने पुन्हा देऊ नका, आधी फोन करा. रिकामी पाकिटं आणि उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या असतात, टाकून देऊ नका.

ताप १००.४ फॅरनहाइटवर तासभर राहिला किंवा एकदा जरी १०१ ला गेला तर लगेच फोन (केंद्रानुसार आकडा थोडा बदलतो, तो लिहून घ्या). त्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. काउंट कमी असताना गुदद्वारातून तापमान घ्यायचं नाही.

बाहेरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं कोणतंही औषध ट्रायलच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. बुरशीवरची व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही औषधं विनक्रिस्टिन या केमोच्या औषधासोबत दिली तर नसांना इजा वाढते. ग्रेपफ्रूट आणि सेंट जॉन्स वर्ट ही औषधी वनस्पती अनेक औषधांची रक्तातली पातळी बदलतात.

कार-टी उपचारांत मुलाच्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) बदलून परत देतात. मुलं आणि तरुणांमधल्या उलटलेल्या एएलएलसाठी अशा पहिल्या उपचारांना २०१७ साली मान्यता मिळाली. त्यानंतरचे काही आठवडे फार डोळ्यांत तेल घालून बघायचे. जोराचा ताप, रक्तदाब उतरणं, बोलण्यात गोंधळ. लिहिता येणाऱ्या मुलाकडून रोज वहीत तेच एक वाक्य लिहून घ्या. अक्षर एका दिवसात बिघडलं तर मेंदूवर परिणाम सुरू झाल्याची ती खूण असू शकते, वही घेऊन लगेच निघा. इतर हॉस्पिटलात स्टेरॉइड देण्याची वेळ आली तर आधी ट्रायलच्या टीमशी बोलायला सांगा, कारण स्टेरॉइडमुळे या पेशी दबू शकतात.

घरच्या दुसऱ्या मुलांकडे या धावपळीत दुर्लक्ष होतं. रोज ठरलेल्या वेळी कुणीतरी एकाने त्यांच्यासाठी असायला हवं.

८. बाहेर पडायचं असेल तर, आणि संपल्यावर

कोणत्याही दिवशी, कारण न देता ट्रायलमधून बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे पुढचे नियमित उपचार नाकारता येत नाहीत. मात्र औषध अचानक घरी बंद करू नका. काही औषधं हळूहळू उतरवावी लागतात आणि शेवटच्या तपासण्या मुलाच्याच सुरक्षिततेसाठी असतात.

उपचार संपले की एका पानाचा सारांश मागून घ्या. त्यात डॉक्सोरुबिसिन आणि हृदयावर परिणाम करणाऱ्या तशा केमोच्या औषधांचा एकूण डोस शरीराच्या प्रति चौरस मीटर किती, हे हवंच. तो २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर हृदयाची तपासणी पुढे वर्षानुवर्षं करावी लागते. रेडिएशन कुठे आणि किती दिलं, सिसप्लॅटिन हे केमोचं औषध किती गेलं, हेही लिहून घ्या. सिसप्लॅटिनने कानांवर परिणाम होतो. लिव्हरच्या गाठीसाठी सिसप्लॅटिन घेणाऱ्या मुलांच्या एका ट्रायलमध्ये, औषधानंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिल्यावर ऐकू कमी येणाऱ्या मुलांचं प्रमाण ६३ वरून ३३ टक्क्यांवर आलं. मुलाला पुढे सिसप्लॅटिन मिळणार असेल तर हे त्याला लागू होतं का, ते पहिल्या सायकलच्या आधी विचारा.

जनुकीय बदल केलेल्या पेशी दिल्या असतील तर पाठपुरावा १५ वर्षांपर्यंत चालतो. पत्ता किंवा फोन बदलला की ट्रायलच्या कोऑर्डिनेटरला कळवा. निकाल प्रसिद्ध होतील तेव्हा साध्या भाषेतला सारांश पाठवा, असंही त्याच ईमेलमध्ये लिहून ठेवा. मागितलं नाही तर अनेकदा तो येत नाही.